अटक, मोर्चा आणि तुमचे हक्क: नवी पेठेतली दिवसभराची कार्यशाळा कशी आहे?

नवी पेठेत अभ्यासिकांच्या गल्लीत एक छोटं सभागृह आहे. तिथे महिन्यातल्या एका रविवारी दिवसभराची कार्यशाळा होते. मोर्चात, धरण्यात किंवा रस्त्यात पोलिसांशी गाठ पडली तर काय करायचं, हा तिचा विषय. दोन वकील, एक निवृत्त पोलीस निरीक्षक आणि एक डॉक्टर मिळून ती घेतात. वेळ सकाळी १० ते ५. फी ६०० रुपये, विद्यार्थ्यांना ३००. त्यात पोहे-चहा, दुपारचं जेवण, एक मराठी पुस्तिका आणि खिशात मावणारं लॅमिनेट केलेलं कार्ड मिळतं. मी धाकट्या भावाला घेऊन गेले होते. थोडक्यात हवं असेल तर सांगते, जा. तुमचं आडनाव, वस्ती, धर्म किंवा चेहरा बघून पोलिसांचा आवाज बदलत असेल तर नक्कीच जा. पण एक मोठी उणीव आहे आणि ती आमच्यासारख्यांनाच सगळ्यात जास्त भोवणारी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी हडपसरच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आम्ही फासेपारधी. आजोबांचं बालपण सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणाआड गेलं. ब्रिटिशांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला, पुढे तो देशभर पसरवला, आणि आमच्यासारख्या जमातींतलं प्रत्येक मूल जन्मतःच गुन्हेगार ठरलं. रोज हजेरी द्यायची आणि कुंपणाबाहेर जायचं तर पास काढायचा. हा कायदा देशभरातून रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर ५ वर्षं आणि १६ दिवसांनी. आमच्या घरात १५ ऑगस्टपेक्षा ३१ ऑगस्टची गोष्ट जास्त सांगितली जाते.

भाऊ सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्या मुलांची आंदोलनं पुण्याने पुष्कळ पाहिली आहेत. मार्च २०२१मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली, तेव्हा शास्त्री रोडवर मुलं रात्रीपर्यंत रस्त्यात बसली होती. शेवटी त्याच महिन्यात २१ तारखेला परीक्षा झाली. मागे अशाच एका आंदोलनात भाऊ बसला होता. पोलिसांनी काही मुलांना गाडीत घातलं आणि संध्याकाळी नाव-पत्ता लिहून सोडलं. बाकीच्या मुलांचं प्रकरण तिथेच संपलं. भावाने पत्ता घरचा दिला होता. काही आठवड्यांनी आमच्या भागात एका बाईंच्या गळ्यातलं मंगळसूत्र कुणीतरी हिसकावलं आणि साध्या कपड्यांतली दोन माणसं भावाला विचारत घरी आली. मंगळसूत्र गेलं त्या वेळी तो अभ्यासिकेत होता, तिथल्या रजिस्टरवर त्याची सही होती. तरी त्याला एका चौकीत रात्री अकरापर्यंत बसवून ठेवलं. अटक दाखवली नाही, नोटीस दिली नाही, कुठे नोंदही नाही. सोडताना एकाने सांगितलं, ‘मोर्चे-बिर्चे तुम्हा लोकांना परवडायचे नाहीत.’

हे खरं आहे का, आणि असेल तर आम्ही काय करायचं, हे विचारायला मी ६०० अधिक ३०० रुपये भरून गेले.

सकाळचा पहिला तास वकीलमॅडमचा. तो अगदी पक्का आहे. राज्यघटनेच्या कलम १९ने शस्त्राविना, शांततेने जमण्याचा हक्क दिला आहे, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पुण्यात त्याच्यावर रोजच्या व्यवहारात काय काय लागू होतं ते मात्र कुणी सांगत नाही. मॅडमनी ते फळ्यावर मांडलं. पोलीस आयुक्तांचा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७खालचा मनाई आदेश वेगळा, आणि लोक ज्याला अजून ‘एकशे चव्वेचाळीस’ म्हणतात तो वेगळा. तो आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झाला आहे. १ जुलै २०२४पासून ही संहिता जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली आणि सगळेच आकडे बदलले. पुस्तिकेत जुने आणि नवे आकडे शेजारी शेजारी दिले आहेत. ही फार उपयोगाची गोष्ट आहे, कारण ठाण्यातले हवालदार जुने आकडे बोलतात आणि कागदावर नवे असतात.

मग ‘ताब्यात घेतलं’ आणि ‘अटक केली’ यांतला फरक. अटक म्हटली की कागद आले. अटकेचं कारण सांगायला हवं (याच नव्या संहितेचं कलम ४७), नातेवाईकाला कळवायला हवं (४८), चौकशीच्या दरम्यान वकिलाला भेटता यायला हवं (३८), आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायला हवं (५८). बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची नाही. अगदी अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने, मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेऊनच. चौकशीला बोलवायचं असेल तर कलम ३५(३)ची लेखी नोटीस. अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी, या गोष्टी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६च्या डिसेंबरमध्येच घालून दिल्या आहेत. ‘ताब्यात’ म्हणजे यातलं काहीच नाही. माणूस बाकावर बसलेला असतो आणि कागदावर तो तिथे नसतोच.

मॅडमनी सगळ्यांकडून एक वाक्य मोठ्याने म्हणवून घेतलं, ‘साहेब, मला अटक केली आहे का? नसेल तर मी निघू का?’ आवाज खाली, हात दिसतील असे, आणि उत्तर येईपर्यंत परत परत. भावाने ते म्हटलं तेव्हा त्याचा आवाज कापरा झाला होता. मॅडमनी त्याला घाई केली नाही, आणखी दोनदा म्हणायला लावलं. ही शिकवण्याची पद्धत मला फार आवडली.

पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांचाही विषय निघाला. डिसेंबर २०२०च्या परमवीर सिंग सैनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासकट चित्रण करणारे कॅमेरे बसवायला आणि चित्रण १८ महिने जपायला सांगितलं आहे. म्हणून ठाण्यात कुणाला बसवून ठेवलं तर ताबडतोब तारीख-वेळ लिहून चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज द्यायचा. त्या अर्जाचा नमुना पुस्तिकेत आहे. चौकीत कॅमेरा असेलच अशी खात्री मॅडमनी दिली नाही, आणि उगाच धीर दिला नाही हे मला बरं वाटलं.

चहानंतरच्या तासासाठी तरी प्रत्येकाने फी भरावी. मॅडमनी फळ्यावर एकच प्रसंग लिहिला. अलका टॉकीज चौकात धरणं, वीस जणांना गाडीत घालून नेलं, संध्याकाळी सोडलं, गुन्हा किरकोळ. मग समोर बसलेल्यांना एकेक करून विचारलं, ‘उद्या सकाळी तुमचं काय होईल?’

बाणेरचे एक सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणाले, ऑफिसला जाईन, फार तर पासपोर्टच्या पडताळणीला त्रास होईल. अभ्यासिकेतली एक मुलगी म्हणाली, गुन्हा नोंदला गेला तर चारित्र्य पडताळणीत अडकेन, घरचे गावाला परत बोलावतील. इथे मॅडमनी थांबून सांगितलं की नोकरीसाठी भरायच्या साक्षांकन नमुन्यात गुन्ह्याची माहिती विचारली असेल तर लपवायची नाही. २०१६च्या अवतार सिंग निकालानंतर नोकरी देणाऱ्याने गुन्ह्याचं स्वरूप बघून निर्णय घ्यायचा असतो, पण लपवाछपवी उघड झाली तर तीच अंगाशी येते. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी कुठल्याशा संघटनेमार्फत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, चार घरची कामं त्याच दिवशी जातील. सुदानहून शिकायला आलेला एक मुलगा मोडक्या हिंदीत म्हणाला, मी रस्त्याच्या पलीकडे उभा असलो तरी व्हिसा जाऊ शकतो. कोंढव्याच्या एका तरुणाने सांगितलं की बातमीत पहिलं नाव त्याचं छापलं जाईल, बाकीचे एकोणीस ‘इतर’ होतील.

भावाची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, ‘माझं उद्या काहीच होणार नाही. पुढच्या चोरीला होईल.’

मॅडमनी हे शब्द जसेच्या तसे फळ्यावर लिहून घेतले. कलमं तीच, गाडी तीच, चौक तोच, आणि प्रत्येकाच्या पदरात पडणारं वेगळं. आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण शिकलेल्या माणसांच्या सभागृहात कुणी ते फळ्यावर लिहून त्यावर पुढचं नियोजन केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

नंतर थोडा वेळ अमेरिकेवर गेला. आधी मला वाटलं, हे कशाला? पण मॅडमनी निवडलेल्या गोष्टी नेमक्या होत्या. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०११ या एका वर्षात ६ लाख ८५ हजारांहून जास्त वेळा लोकांना रस्त्यात अडवलं. बहुतेक काळे आणि लॅटिनो. दहातल्या जवळपास नऊ वेळा ना अटक झाली, ना दंड. २०१३ साली तिथल्या संघीय न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. हे ऐकताना मला आमच्याकडची नाकाबंदी दिसत होती. गाडीचे कागद बघून झाले की आडनाव. भोसले म्हटलं तर गाव. गाव सांगितलं तर ‘तिथे कुठल्या वस्तीत?’ भोसले, पवार, काळे ही आडनावं आमच्यातही आहेत, म्हणून ओळख पटेपर्यंत विचारत राहतात. तिथे कातडीचा रंग बघतात, इथे तीन प्रश्न विचारतात.

दुसरी गोष्ट केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरातली. मार्च २०२०मध्ये पोलिसांनी रात्री घरात घुसून केलेल्या गोळीबारात ब्रिओना टेलर ही काळी तरुणी ठार झाली. मे महिन्यात मिनीआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि शहराशहरांत लोक रस्त्यावर उतरले. २८ मे रोजी लुईव्हिलमध्ये गोऱ्या बायकांनी हातात हात घालून पोलीस आणि काळे आंदोलक यांच्या मधोमध रांग केली. लाठी आपल्यावर सहज उचलली जाणार नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्या पुढे उभ्या राहिल्या. मॅडमनी त्यावर फार बोलणं केलं नाही. ‘आपल्या मोर्चात ही रांग कुणाची असेल?’ एवढं विचारलं आणि कामाला लावलं. परवानगीच्या अर्जावर सही कुणी करायची, कडेच्या रांगेत कोण, घरी फोनजवळ कोण, कुणाचं नाव आयोजक म्हणून द्यायचं. ज्यांना गमवायला कमी आहे त्यांनी कागदावर आणि कडेला यायचं. ज्यांना जास्त धोका आहे त्यांची जागा त्यांनी स्वतः ठरवायची, त्यांना ‘तुम्ही घरी बसा’ असं दुसऱ्या कुणी सांगायचं नाही. भावाला चौकीत जे ऐकवलं होतं, त्यावर मला मिळालेलं हे पहिलं कामाचं उत्तर.

बाणेरचे ते गृहस्थ तेव्हा म्हणाले की आपल्याकडे जात आहे, धर्म आहे, पण वंशभेद म्हणता येणार नाही. त्यांना उत्तर मणिपूरच्या एका मुलीने दिलं. ती विमाननगरला राहते. ऑगस्ट २०१२मध्ये पुण्यात ईशान्येच्या मुलांना मारहाण झाली, अफवा पसरल्या, घाबरलेली माणसं मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाली. तिची मावसबहीण त्यांत होती. ‘मला आजही नाकाबंदीत आधार कार्ड दाखवल्यावर पासपोर्ट मागतात,’ ती म्हणाली. गृहस्थांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. मॅडमनी त्याला जोडून २०१९चा ‘स्टेटस ऑफ पोलिसिंग इन इंडिया’ हा अहवाल दाखवला. मुसलमान स्वभावतःच गुन्ह्याकडे वळतात, असं कमीअधिक प्रमाणात वाटणारे पोलीस त्या पाहणीत जवळपास निम्मे निघाले. कोंढव्याचा तरुण त्या पानाचा फोटो काढत होता.

परभणीचा विषय निघणारच होता. १० डिसेंबर २०२४ला तिथे आंबेडकर पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होते. ३५ वर्षांचे, वडार समाजातले, कायद्याचे विद्यार्थी. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे आलेला धक्का असं कारण पुढे आलं. औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५मध्ये गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. ही कलमं त्यांच्या अभ्यासक्रमातच होती. हे ऐकल्यावर भाऊ बराच वेळ वहीत काही लिहीत नव्हता. ‘हक्क माहीत असले की माणूस सुरक्षित राहतो’ असं मॅडम एकदाही म्हणाल्या नाहीत. माहीत असण्याचा उपयोग मागे राहणाऱ्यांना होतो, कोणता कागद मागायचा, कुठल्या तासाला कुठे जायचं हे त्यांना कळतं, असं त्या म्हणाल्या. मला ते पटलं. सूर्यवंशी यांच्या आईने पाठ सोडली नाही म्हणून ते प्रकरण इथवर आलं.

जेवण चांगलं होतं. पोळी-भाजी, आमटी-भात, ताक.

दुपारी निवृत्त निरीक्षक साहेब. मी मनातून तयारीने बसले होते, पण ते सरळ बोलले. गुन्हा उघडकीला आणण्याचा वरून दबाव असतो, आकडे मागितले जातात. चोरी झाली की पहिल्यांदा ‘रेकॉर्डवरच्या’ माणसांची यादी काढतात, आणि यादीत नसलेला पण त्याच वस्तीतला मुलगाही उचलून आणतात, हे त्यांनी मान्य केलं. मी विचारलं, ‘साहेब, मोर्चात लिहून घेतलेलं नाव त्या यादीत जातं का?’ ते थोडं थांबून म्हणाले, ‘जायला नको. पण कुणाच्या तरी वहीत राहतं.’ मग त्यांनी ‘चॅप्टर केस’ समजावून सांगितली, म्हणजे गुन्हा न करताही चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घेण्याची कारवाई. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १२२ही सांगितलं. सूर्यास्त ते सूर्योदय संशयास्पद स्थितीत सापडलं तर लागणारं. आमच्या वस्तीत हे कलम लहान पोरांनाही माहीत आहे, पण त्या सभागृहातल्या अर्ध्याअधिक लोकांनी ते तिथेच पहिल्यांदा ऐकलं.

नाकाबंदीचा सराव साहेबांनी स्वतः पोलीस होऊन घेतला. तो उत्तम. ३ ऑक्टोबर २०२४च्या सुकन्या शांता निकालाचा उल्लेख मात्र त्यांनी केला नाही, तो मला करावा लागला. तुरुंगांतल्या जातिभेदाविरुद्धचा तो निकाल आहे. तुरुंगाच्या नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढायला त्यात सांगितलं आहे, आणि विमुक्त जमातींच्या, म्हणजे गुन्हेगार जमाती कायद्यातून सुटलेल्या आमच्यासारख्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून न्यायालयाने आधीच्या निकालांत घालून दिलेली तत्त्वं पोलिसांनी पाळायची असंही बजावलं आहे. आमच्यासाठी इतकं थेट लिहिलेलं असताना ते पुस्तिकेत नाही. पुढच्या आवृत्तीत घालू असं वकीलमॅडमनी कबूल केलं.

डॉक्टरांचं सत्र सगळ्यात कच्चं. अश्रुधुराबद्दल जे सांगितलं ते बरोबर होतं. डोळे चोळायचे नाहीत, स्वच्छ पाण्याने भरपूर धुवायचे, लेन्स लावून मोर्चाला जायचंच नाही. पण लाठीच्या माराबद्दल ‘बर्फ लावा, विश्रांती घ्या’ एवढंच? कॅज्युअल्टीत मी मार खाल्लेली माणसं पाहते, म्हणून इथे लिहून ठेवते. मांड्या, पाठ, कुल्ले यांवर बराच मार बसला असेल तर हाड मोडलेलं नसलं तरी स्नायू फुटतात आणि त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतं. लघवी काळपट, कोकाकोलासारखी झाली, कमी झाली किंवा बंद झाली तर त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं. सीपीके (स्नायूंची इजा कळते) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं) या रक्ताच्या तपासण्या करायला सांगायच्या. सलाइन लवकर सुरू झालं तर मूत्रपिंड वाचू शकतं. कोठडीतल्या माणसालाही हे डॉक्टरांना सांगता आलं पाहिजे.

आणि केसपेपर. ससून रुग्णालयात न्या नाहीतर दुसरीकडे, एमएलसी, म्हणजे पोलिसांत जाणाऱ्या जखमेची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करायला सांगा. जखम ‘कशाने झाली’ या रकान्यात तुम्ही सांगाल तेच लिहिलं गेलं पाहिजे. शेजारी पोलीस उभा असेल तर माणूस ‘पडलो’ म्हणतो. म्हणून आम्ही पडदा ओढतो आणि पोलिसांना बाहेर थांबायची विनंती करतो. प्रत्येक नर्सने हे करावं. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला मिळायला हवी, हे नव्या संहितेच्या कलम ५३मध्येच आहे. मी हात वर करून एवढं सांगितल्यावर डॉक्टरांनी मला पुढे बोलावून उरलेला वेळ दिला. त्यांच्या मोकळेपणाचं कौतुक आहे, पण असं सत्र ऐकणाऱ्यांतल्या कुणावर अवलंबून असू नये.

आता ती मोठी उणीव. जामिनावर तासभर सोडा, दहा मिनिटंही नव्हती. ज्यांच्या घरात नोकरदार आहे, सातबारा आहे, त्यांना जामीन मंजूर झाला की माणूस घरी येतो. आमच्याकडे जामीन मंजूर झाल्यावर खरी वणवण सुरू होते. जामीनदार कुठून आणायचा? त्याचा पतदारीचा दाखला कोण देणार? ज्या वस्तीत निम्म्यांकडे रेशनकार्ड नाही, तिथला माणूस दुसऱ्याला जामीन काय राहणार? रक्कम छोटी असली तरी पोरगं आत राहतं आणि त्याच्या ‘आत असण्या’ची नोंद पुढच्या वेळी त्याच्याविरुद्ध वापरली जाते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ला यावर सूचना दिल्या आहेत. जामीन मिळून ७ दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनपत्र भरता आलं नाही तर न्यायालयाने अटी शिथिल करता येतील का ते स्वतःहून बघायचं. जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडा असा अर्ज करता येतो. वकील नसेल तर शिवाजीनगर न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा क्रमांक आहे. अनुसूचित जाती-जमाती, बायका, मुलं आणि कोठडीत असलेला कुणीही, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हे सगळं मला भावाच्या प्रकरणानंतर एका ओळखीच्या वकिलाने सांगितलं होतं. कार्यशाळेत ते फळ्यावर यायला हवं होतं. खिशातल्या कार्डावर १५१०० आहे, पण मागच्या बाजूला, इतक्या बारीक अक्षरात की आईला वाचता आलं नाही.

फी आणि वेळ यांबद्दलही बोलायला हवं. ६०० रुपये आणि रविवारचा अख्खा दिवस म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई. त्या मावशींची फी संघटनेने भरली होती, म्हणून त्या आल्या. पडद्यावरची पानं निम्मी इंग्रजीत होती. मॅडम मराठीत समजावत होत्या, पण मावशी पडद्याकडे बघतही नव्हत्या. फोन कुलूपबंद कसा ठेवायचा यावर पाऊण तास गेला, तोही प्रत्येकाकडे महागडा फोन आहे असं धरून. आमच्या वस्तीत चार घरांत मिळून एक फोन असतो आणि पोलीस तो आधी काढून घेतात. क्रमांक तळहातावर बॉलपेनने लिहून ठेवायचा, ही त्यातली एकमेव कामाची सूचना.

पुस्तिका वेगळी घेतली तर ४० रुपयांना मिळते. कार्यशाळेला जाणं जमत नसेल तर निदान ती घ्या. भाषा सोपी आहे, अर्जांचे सहा नमुने आहेत, अक्षर मोठं आहे. मी वस्तीतल्या मुलांसाठी दहा घेतल्या.

शेवटी मी आयोजकांना लेखी कळवलं आहे. जामिनाचा स्वतंत्र तास घ्या, पानं मराठीत करा, आणि एक कार्यशाळा संध्याकाळी सातनंतर वस्तीतल्या समाजमंदिरात घ्या, फी न घेता. पहिल्या दोन गोष्टींना ते लगेच हो म्हणाले. तिसरीसाठी त्यांच्याकडे माणसं कमी पडतात. वकीलमॅडम स्वतः यायला तयार आहेत, पण सोबत डॉक्टर किंवा नर्स हवी म्हणाल्या. माझी रात्रपाळी नसेल त्या दिवशी मी येईन असं सांगितलं आहे. नर्सिंग किंवा वकिली करणाऱ्या आणखी कुणाला हडपसर, येरवडा किंवा लोहगाव बाजूला एक संध्याकाळ देता येत असेल तर खाली लिहा, मी त्यांची मॅडमशी गाठ घालून देते.

माझ्याकडून पाचपैकी चार. जामिनाचा तास सुरू झाला की आईला घेऊन परत जाणार आहे. भावाने पुढच्या महिन्याच्या कार्यशाळेला खुर्च्या लावायला आणि नोंदणी करायला नाव दिलं आहे.